थव्यातलं एकच वेगळं बदक

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाची नुसती धामधूम असते. यंदा वाण काय लुटायचं, कुणाकडे कधी जायचं, तिळगूळ पुरेल की नाही... एक ना दोन! पण याच दिवसांत गावाशेजारच्या तळ्यावर आणखी एक हळदीकुंकू चाललेलं असतं, त्याची आपल्याला खबरही नसते. 'हळदीकुंकू बदक' या नावाचा पक्षी आपल्याकडे आहे, हे कितीजणींना ठाऊक आहे? काळ्या चोचीचं टोक हळदीनं माखल्यासारखं पिवळंधमक आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाची बोटं टेकवल्यासारखे दोन लाल ठिपके. ज्या कुणी हे नाव ठेवलं त्याची, की तिची, नजर किती बारीक असेल! हे बदक बारा महिने आपल्याकडेच राहतं. हिवाळ्यात मात्र त्याच्या शेजारी हजारो पाहुणे येऊन उतरतात. आज त्या पाहुण्यांविषयी, आणि त्यांच्या गर्दीत एखादं दुर्मिळ बदक हुडकणाऱ्यांविषयी बोलायचं आहे.

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे निघालं की सेलू तालुक्यातला देवगाव फाटा लागतो. चहाच्या टपऱ्या, भज्यांचा घाणा, एसटीची वाट बघत बसलेली माणसं, असा चारचौघांसारखा फाटा. परभणी जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे नाव भेटतं ते रस्त्यावरच्या पाटीपुरतंच. पण जरा नकाशा उघडून बघा. एक रस्ता सेलूकडे वळतो, त्या तालुक्यात निम्न दुधना धरणाचं पाणी पसरलेलं आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं येलदरी धरण आहे. मंठ्याच्या पुढे उत्तरेला गेलं की लोणारचं खाऱ्या पाण्याचं सरोवर, ज्याला २०२० मध्ये रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आणि लांब पश्चिमेला पैठणचा नाथसागर, जो १९८६ मध्येच पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दुष्काळाच्या नावानं ओळखला जाणारा आपला मराठवाडा. पण शेतीसाठी अडवलेल्या या पाण्यावर पाखरांनी कधीचाच हक्क सांगितला आहे. दिवाळी झाली की लेकी माहेरपणाला याव्यात तशी ही बदकं येतात आणि उन्हं तापू लागली की परत फिरतात.

कुठून येतात? कुणी लडाख-तिबेटातून, कुणी मध्य आशियातून, तर कुणी थेट सैबेरियातून. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून मोजलं, तेव्हा तो सात हजार मीटरहून जास्त उंचीवर उडाल्याची नोंद मिळाली. त्याच्या सोबतीला चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल, लालसरी, शेंडी बदक... शिवाय बदकाच्या जातीचा नसलेला, पण त्यांच्यातच मिसळून राहणारा 'वारकरी'. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा! मारुती चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'त अशी किती तरी देशी नावं नोंदलेली आहेत. पुस्तकात जाण्याआधी ती काठावरच्या माणसांच्या तोंडी होती. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. त्यांनी जपलेली नावं मात्र आपल्यापाशी आहेत.

आता खरी गंमत सांगते. दूरच्या पाण्यावर पाच हजार बदकं बसली आहेत. बहुतेक सगळी तपकिरी-करडी. त्यातली निम्मी माना पाठीत खुपसून झोपलेली. आणि त्यात एखादं, फक्त एखादंच, वेगळं बदक असू शकतं. ते शोधायचं कसं?

नवखा माणूस दुर्बीण लावतो आणि 'काही वेगळं दिसतंय का' म्हणून इकडून तिकडे भिरभिर बघतो. दहा मिनिटांत डोळे दुखायला लागतात आणि तो म्हणतो, "काही नाही, सगळी एकसारखीच आहेत." मुरलेली मंडळी याच्या बरोबर उलट करतात. ती वेगळं शोधतच नाहीत, आधी नेहमीचं ओळखतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरायची, म्हणजे सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठावर उभं राहायचं. एका टोकापासून सुरुवात करायची आणि एकेका बदकाला त्याच्या नावानं ओळखत पुढे सरकायचं. हे थापट्या, हे थापट्या, हे गडवाल, हे पुन्हा थापट्या... ज्याला नाव देता येत नाही तिथे थांबायचं. बस्स! शोधण्याची सगळी विद्या एवढीच आहे.

मैत्रिणींनो, ऐकल्यासारखं वाटतंय ना हे? तांदूळ निवडताना आपण दुसरं काय करतो? ताटातला खडा आपण शोधत नाही. हात सरावानं तांदूळ पुढे लोटत राहतो, आणि जो दाणा तांदूळ नाही त्यावर बोट आपोआप अडतं. ज्या हाताला तांदळाची सवय नाही त्याला खडा सापडत नाही. थव्याचंही अगदी तसंच असतं.

मोजायची रीतही आपल्या ओळखीची आहे. हजारो पक्षी एकेक करून मोजता येत नाहीत. म्हणून आधी नीट दहा मोजायचे, दहांचा ढीग पाण्यावर केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं, मग तसे दहा ढीग म्हणजे शंभर, आणि पुढे शंभराशंभरानं थवा मापायचा. खळ्यावर पायलीनं धान्य मापावं तसं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. हे काम साऱ्या आशियात जानेवारीत होतं. 'आशियाई पाणपक्षी गणना' असं तिचं नाव. भारतीय उपखंडात ती १९८७ मध्ये सुरू झाली. मोजणारे बहुतेक सगळे हौशी लोक असतात. शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कर्मचारी, निवृत्त मंडळी आणि हल्ली बऱ्याच मुली-बायकाही.

जानेवारीच का? त्याचंही कारण आहे. विणीचा हंगाम संपला की नर बदकं आपली रंगीत पिसं टाकून देतात आणि काही महिने अगदी मादीसारखी साधी दिसतात. आपल्याकडे येतात तेव्हा बरेच नर याच साध्या वेशात असतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत त्यांचे रंग परत येतात आणि ओळखणं सोपं होतं. शिवाय या दिवसांत पक्ष्यांची ये-जा थांबलेली असते, त्यामुळे एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याची भीती कमी.

पण नर ओळखू आले तरी मादीचं काय? मादी वर्षभर तपकिरीच. अंडी उबवताना जमिनीवरच्या गवतात कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून निसर्गानं दिलेला तो वेश. परिणाम काय, तर फोटो नराचा, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नर, आणि मादी दिसली की "असेल कसलं तरी बदक" म्हणून पुढे! खरं तर मादीही ओळखता येते, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो. थापट्याच्या मादीची चोच उलथन्यासारखी पसरट असते. तलवार बदकाची मादी लांब मानेची आणि शेलाटी. गडवालच्या मादीच्या पंखात पांढरा चौकोन दिसतो, तर चक्रांगच्या मादीच्या पंखात हिरवा पट्टा. एखादा शिकारी पक्षी वरून गेला की सगळा थवा एकदम उठतो, तेव्हा हे पंखांचे पट्टे क्षणभर उघडे पडतात. मुरलेला निरीक्षक त्या क्षणाची वाट बघत तास तास बसतो.

एकदा दुधनेच्या काठावर आम्ही असंच मोजत उभ्या होतो. शेरडं वळणारी एक मावशी बराच वेळ आमच्याकडे बघत होती. शेवटी जवळ आली.

"काय बघायलाव ताई एवढं?"

"बदकं मोजतोय मावशी."

"अगं बाई! रोजचीच हायत की ती." मग जरा थांबून म्हणाली, "मोजून काय मिळतंय?"

प्रश्न अगदी रोकडा होता. त्याचं उत्तर द्यायचं तर एका हरवलेल्या बदकाची गोष्ट सांगायला हवी.

गुलाबी डोक्याचं बदक. अंग गडद तपकिरी आणि डोकं-मान अगदी गुलकंदी गुलाबी. हिंदीत त्याला 'गुलाब-सिर' म्हणत. गंगेच्या खोऱ्यातल्या उंच गवताच्या दलदलींत, म्हणजे बिहार-बंगालात ते मुख्यतः राहायचं. महाराष्ट्राच्या काही भागांतूनही त्याच्या जुन्या नोंदी आहेत. त्याच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक चित्र एका बाईमुळे झालं, हे मुद्दाम सांगायला हवं. कोलकात्यातल्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पी यांची पत्नी मेरी इम्पी हिनं १७७७ नंतर आपल्या बागेत देशी पशुपक्षी पाळले आणि पाटण्याच्या तीन चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली. त्यातल्या भवानी दास यांनी हे गुलाबी डोकं रंगवलं. त्या चित्रातला गुलाबी रंग आजही शिल्लक आहे. बदक नाही.

हे बदक पहिल्यापासून तुरळकच होतं. शिकारी लोक ते मारत, कोलकात्याच्या पाखरांच्या बाजारात अधूनमधून ते विकायलाही येई. दुसरीकडे गवताच्या दलदली मोडून शेती होत गेली. जून १९३५ मध्ये बिहारमधल्या दरभंगा भागात एकानं ते टिपलं. आपल्या देशातली ही शेवटची पक्की नोंद, आणि तीही बंदुकीच्या गोळीनं झालेली! आज जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे ऐंशीच्या आसपास पेंढा भरलेले नमुने उरले आहेत. १९७२ मध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच्या पहिल्या परिशिष्टात या बदकाचं नाव मानानं घातलं गेलं. म्हणजे सर्वांत कडक संरक्षण मिळालं ते कुणाला, तर सदतीस वर्षांत ज्याची पक्की नोंद झाली नव्हती त्याला.

त्या काळी दरवर्षी कुणी तळ्यांवर जाऊन मोजत असतं तर? दोनशेंची दीडशे झाली, दीडशेंची चाळीस झाली, हे वेळेवर कळलं असतं. पण ते थव्यातलं 'एखादं' होतं, आणि थवे मोजायची पद्धतच तेव्हा नव्हती. ते संपल्याचं कळलं ते बऱ्याच वर्षांनी, 'अरे, हल्ली दिसलं नाही' असं म्हणता म्हणता.

अजूनही लोक त्याला शोधतात. म्यानमारच्या दलदलींत त्यासाठी एकविसाव्या शतकातही मोहिमा गेल्या. अधूनमधून कुणी तरी "मला दिसलं!" असं सांगतं, आणि बऱ्याचदा ती निघते मोठी लालसरी. हे बदक आपल्याकडेही हिवाळ्यात येतं. नराचं डोकं नारिंगी-तांबूस, चोच लाल. कोवळ्या उन्हात लांबून बघितलं तर गुलाबी भास व्हावा असंच. मग ओळखायचं कसं? उडताना मोठ्या लालसरीच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा लख्ख दिसतो. गुलाबी डोक्याच्या बदकाला तो नव्हता, त्याच्या पंखाचा मागचा भाग फिकट बदामी-गुलाबी होता. म्हणजे पुन्हा तेच. दुर्मिळ बदक ओळखायचं तर आधी मोठी लालसरी पाठ हवी.

आता कुणी म्हणेल, ही झाली जुनी गोष्ट. तर नवी ऐका. छोटी लालसरी हे इतकं नेहमीचं बदक की पक्षीनिरीक्षक तिच्याकडे दुसऱ्यांदा बघत नसत. युरोप-आशियात लाखोंनी होती. पण वर्षानुवर्षांच्या गणनेतले आकडे उतरत गेले आणि २०१५ मध्ये तिला जागतिक पातळीवर 'संकटग्रस्त' पक्ष्यांच्या यादीत घालावं लागलं. आणखी एक गोष्ट या मोजणीतून पुढे आली. युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत निरीक्षकांनी या बदकाचे नर आणि माद्या वेगवेगळ्या मोजल्या. १९८९-९० च्या हिवाळ्यात शंभरात ६१ नर होते, २०१६ मध्ये ते ७० झाले. म्हणजे माद्या घटत चालल्या आहेत! जमिनीवरच्या घरट्यात अंडी उबवत एकट्या बसलेल्या माद्या शिकारी प्राण्यांच्या तावडीत जास्त सापडत असाव्यात, असं अभ्यासकांना वाटतं. 'असेल कसलं तरी तपकिरी बदक' म्हणून सगळ्यांनी मादीला सोडून दिलं असतं, तर हे कधी कळलंच नसतं. थवा भरलेला दिसत राहिला असता आणि आतून रिकामा होत गेला असता.

आपल्या देशाचं चित्रही फार वेगळं नाही. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर तो उभा आहे. त्यात ज्या गटांची घट विशेष दिसली त्यात शिकारी पक्षी आहेत, स्थलांतर करून येणारे चिखलपायटे आहेत आणि बदकंही आहेत. आपल्या मावशीची 'रोजचीच हायत की' ही बदकं उद्याही रोजची असतील, याची खात्री आता देता येत नाही.

पण सगळंच काही निराश करणारं नाही बरं का. मादागास्कर बेटावर एक बदक होतं. १९९१ नंतर ते कुणाला दिसलं नव्हतं, संपलं असंच सगळ्यांनी धरलं. २००६ मध्ये दुसऱ्याच एका शिकारी पक्ष्याच्या अभ्यासासाठी गेलेल्या माणसांना दूरच्या एका लहानशा तळ्यावर काही अनोळखी बदकं दिसली. त्यांनी ती नीट निरखली, मोजली. नऊ मोठी आणि सोबत पिल्लं! पुढे त्यांची अंडी आणून पिल्लं वाढवली गेली आणि २०१८ मध्ये काही बदकं दुसऱ्या एका सरोवरात सोडलीही. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत आसाममधल्या तिनसुकिया जिल्ह्यात मँडरिन हे अतिशय देखणं बदक दिसलं. त्या भागात त्याची आधीची नोंद होती १९०२ ची! म्हणजे नजर ठेवणारं कुणी असलं तर गेलेलं परतही सापडतं.

म्हणून त्या मावशीला आम्ही सांगितलं, "मावशी, तुमची शेरडं संध्याकाळी मोजता की नाही?" ती म्हणाली, "न्हाई तर! एक कमी भरलं तर कळायचं कसं?" तिचं उत्तर तिनंच दिलं होतं.

आता थोडं कामाचं. हे सगळं वाचून एखादीला जावंसं वाटलं, तर काय करावं?

एकटीनं जाऊ नका, तिघी-चौघी मिळून जा. धरणाचा काठ निर्जन असतो, घरी सांगून निघा. पहाटे निघायचं तर स्वच्छतागृहाची सोय वाटेत फाट्यावर कुठे आहे ते आधी बघून ठेवा. आपल्याला हा विचार करावाच लागतो. पायांत बूट, डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली. कपडे मातकट रंगाचे, भडक नकोत. दुर्बीण एकच असली तरी चालते, आळीपाळीनं बघा. मात्र ती कायम घरातल्या पुरुषाच्याच गळ्यात राहणार नाही, एवढं बघा! गाळपेराच्या शेतातून जाताना कुणाचा हरभरा तुडवू नका. फोटोसाठी थव्याच्या अंगावर जाऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला दर अर्ध्या तासानं उडवलं, तर परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठायची कशी? आणि मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, पशुसंवर्धन किंवा वन खात्याला कळवायचं. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूनं कोंबड्या दगावल्या होत्या, हे विसरायला नको.

सुरुवातीला दुर्मिळाच्या मागे लागू नका. पहिल्या हिवाळ्यात फक्त पाच बदकं ओळखायला शिका. हळदीकुंकू, थापट्या, तलवार, चक्रवाक आणि छोटी लालसरी. नर आणि मादी, दोन्ही. एका वहीत तारीख, जागा, वेळ आणि आकडा लिहा. नाव कळलं नाही तर 'माहीत नाही' असंच लिहा, अंदाजानं ठोकून देऊ नका. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच काठावर पुन्हा जा. जवळच्या पक्षिमित्रांना किंवा महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना वही दाखवा, म्हणजे तुमचे आकडे जानेवारीच्या गणनेत जातील. शाळकरी लेकीला, सुनेला, शेजारणीला सोबत घ्या. लहान मुलांची नजर तर फारच तेज असते.

आणि पुढच्या वर्षी संक्रांतीच्या वाणाचा विचार कराल तेव्हा प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी एक सुचवू का? आपल्या भागातल्या वीस पाणपक्ष्यांची चित्रं आणि मराठी नावं छापलेला साधा कागद. खर्च फारसा नाही. घरोघरच्या भिंतीवर तो लागला, तर तळ्यावर कोण आलं आणि कोण यायचं थांबलं, हे ओळखणारे डोळे गावात तयार होतील.